रोठा आणि चिकणी

पहिला घोट घेतल्यावर अण्णांनी जीभ टाळूला दोन-तीनदा घासली, खालचा ओठ आत ओढला आणि जाहीर केलं, “ही रोठा सुपारी.” मग पाण्याची चूळ भरून ते दुसऱ्या पेल्याकडे वळले. या वेळी त्यांनी जरा वेळ घेतला. “आणि ही चिकणी.”

टेबलावर दोन बाटल्या होत्या, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. अण्णा म्हणजे माझे चुलतभाऊ. निफाड तालुक्यात त्यांची थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे आणि बाटल्यांभोवतीचा कागद घडांना लावायला आणलेल्या रद्दीतला होता. गुंडाळायचं काम वहिनींनी केलं, त्यामुळे कुठल्या कागदात कुठली बाटली हे मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की दोन्ही इटलीच्या पिएमाँते प्रांतातल्या बारोलो आहेत, दोन्ही २०१७ सालच्या, आणि २०१७चा उन्हाळा तिथे बागा भाजून काढणारा होता.

वाइनच्या तुरटपणासाठी इंग्रजीत विशेषणांना तोटा नाही. मखमली, रेशमी, धुळकट, बारीक कणांचा, चामड्यासारखा. गेली बारा-पंधरा वर्षं मी ती वाचतो आहे, क्वचित वापरतोही, आणि दर वेळी दुसऱ्याचा कोट अंगात चढवल्यासारखं वाटतं. अण्णांनी दोन सुपाऱ्यांत काम भागवलं. रोठा म्हणजे पिकून वाळलेली, दणकट; दाढेखाली तिचा भरड भुगा होतो आणि तोंडातलं पाणी ती शोषून घेते. चिकणी कोवळेपणी उकडून वाळवलेली. तुरट तीही असते, पण तिचा तुरटपणा गुळगुळीत, आणि मागे किंचित गोडी ठेवून जाणारा. पानदानाच्या घरात वाढलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही.

आपल्या षड्रसांत तुरट हा स्वतंत्र रस आहे. पाश्चात्त्य शास्त्र त्याला चव न मानता स्पर्श मानतं, आणि त्यालाही आधार आहे. द्राक्षाच्या सालीतलं आणि बीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांचे पुंजके होतात, लाळेचं वंगण निघून जातं आणि जीभ टाळूवर खरखरीत फिरू लागते. चव म्हणा की स्पर्श, बारोलोची परीक्षा बरीचशी इथेच होते. त्यातून साल उन्हाचं असेल तर जवळजवळ सगळीच. फळाचा गोडवा उन्हाने फुकट मिळतो. तुरटपणा फुकट पिकत नाही.

*

बाटल्या मी पिएमाँतेतल्या आल्बा गावातून आणल्या. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंतच दारू विनाशुल्क आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर होतात. त्यामुळे दुकानात उभं राहून बरीच घालमेल झाली. दुकानदाराने साहजिकच २०१६कडे बोट दाखवलं. ते साल सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं; थंड-उबदार दिवसांचा तोल साधलेलं, शांतपणे पिकलेलं. पण चांगल्या सालाची वाइन चांगली निघाली, यात शिकण्यासारखं फारसं काही नसतं. मी २०१७च्या दोन मागितल्या तेव्हा त्याने खांदे उडवले. गिऱ्हाईक विचित्र आहे, पण पैसे देतंय, असा तो भाव जगात सगळीकडे सारखाच दिसतो.

आल्बाच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या आहेत. खाली तानारो नदी, पश्चिमेला स्वच्छ दिवशी दिसणारा आल्प्सचा कडा आणि त्यात मोन्व्हीझोचं ३८४१ मीटरचं शिखर. गावात मात्र वाइनपेक्षा हेझलनट भाजल्याचा वास जास्त लक्षात राहतो. न्यूटेलावाल्या फेरेरोंचं हे गाव. बारोलो हे एका छोट्या गावाचं नाव, पण त्या नावाने वाइन करायचा हक्क ११ गावांच्या शिवाराला आहे. सगळी लागवड मिळून सुमारे २२०० हेक्टर. द्राक्ष एकच, नेब्बिओलो. हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त माल घ्यायचा नाही. वाइन किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. म्हणूनच २०२२ची बारोलो, तीही भयंकर दुष्काळी सालची, नियमाने जानेवारी २०२६च्या आधी बाजारात येऊच शकत नव्हती.

नेब्बिओलो हे द्राक्ष म्हणजे छळ आहे. फुटवा सगळ्यांच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या हिमकडाक्यात सापडायची भीती. पिकणं सगळ्यांच्या नंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या पावसात सापडायची भीती. नावामागे ‘नेब्बिया’ म्हणजे धुकं असावं, असं तिथे बरेच जण सांगतात; काढणीच्या दिवसांत दऱ्या धुक्याने भरलेल्या असत. साल पातळ, रंग फिका, आणि तरीही आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही कमाल. दिसायला किरकोळ आणि बोलायला फटकळ अशा एखाद्या आत्याबाईंची आठवण यावी.

एका उतारावर मला एक म्हातारे बागायतदार भेटले. दुभाष्याच्या मदतीने बोलणं झालं. त्यांच्या भागात ‘सोरी’ असा शब्द आहे, उन्हाकडे तोंड केलेल्या उतारासाठी. थंडी सरताना ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो तीच उत्तम जमीन, हे तिथलं जुनं शहाणपण. नेब्बिओलो पिकायचं तर ऊन वेचून गोळा करावं लागे. निव्वळ उत्तराभिमुख उतार तर बारोलोच्या नियमांतूनच बाद होते. आता त्याच उत्तरेकडे आणि उंचीकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. म्हाताऱ्यांनी समोरच्या टेकडीच्या सावलीतल्या बाजूकडे हात केला. तिथे हेझलनटची झाडं होती. “वडील म्हणायचे, ती जागा झाडांना द्या, वेलींना नको. आज मी ती विकत घ्यायला बघतोय.”

*

ऊन जास्त झालं की द्राक्ष जास्त पिकतं, असं वाटतं. तसं होत नाही. पारा ३५ अंशांच्या आसपास गेला आणि जमिनीत ओल नसली, की वेल पानांवरची रंध्रं मिटून घेते. पाणी वाचतं, पण अन्न तयार करण्याचं काम मंदावतं. मण्यातलं पाणी उडत असतं, त्यामुळे साखर घट्ट होत जाते. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लावला तर ब्रिक्सचा आकडा भरपूर. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेचा एक टक्का मद्यार्क होतो, म्हणजे वाइन १५ टक्क्यांवर सहज जाते. दुसरीकडे आंबटपणा घटतो, पण सरसकट नाही. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. सफरचंदात असतं ते मॅलिक, ते उष्णतेत वेल जाळून टाकते. चिंचेत असतं ते टार्टारिक, ते चिवट असतं, टिकतं. उन्हाळी सालात सफरचंद जातं आणि चिंच राहते, असं म्हणायला हरकत नाही.

आणि बी? बीचं आपलं घड्याळ वेगळं. तिचा हिरवा, कडवट तुरटपणा तपकिरी, खुटखुटीत व्हायला दिवस लागतात, नुसते अंश पुरत नाहीत. साखर ऑगस्टअखेरीस तयार आणि बी अजून हिरवी, अशी ओढाताण होते. थांबावं तर मणी सुकतात, मद्यार्क चढतो. तोडावं तर कच्चा तुरटपणा पिंपात जातो.

हे मी अण्णांना समजावत होतो तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. “साका म्हण ना.”

खरंच की. वरून केशरी, वासाला घमघमीत हापूस कापावा आणि आत कोयीजवळ पांढरट, चिवट, आंबट गर निघावा. त्या साक्याचा संबंधही उन्हाच्या आणि तापलेल्या जमिनीच्या झळीशी लावतात. बाहेरून पिकलेलं, आतून राहिलेलं. उन्हाळी बारोलोत शोधायचा तो हाच साका.

कच्ची बी ओळखायला तिथले बागायतदार मणी तोंडात टाकून बी चावून बघतात, हेही मी अण्णांना सांगितलं. त्यावर ते मनापासून हसले. “आमच्या थॉम्पसनला बीच नाही. आमचं बरं आहे.”

*

उन्हाच्या सालांचा तिथला इतिहास गमतीचा आहे. विसाव्या शतकाचा मोठा भाग नेब्बिओलो पुरतं पिकतच नाही या काळजीत गेला. त्यामुळे १९९७ आणि २०००सारखी उबदार सालं आली तेव्हा आनंदाला पारावार राहिला नाही. अमेरिकेतल्या ‘वाइन स्पेक्टेटर’ मासिकाने पिएमाँतेच्या २००० सालाला शंभरपैकी शंभर गुण दिले. पुढे जुन्या बाटल्या उघडणाऱ्यांना १९९९ आणि २००१ ही आजूबाजूची, कमी गवगव्याची सालं जास्त टिकाऊ वाटू लागली. शंभर गुणांचं हे असं असतं.

मग २००३ आलं. युरोपातला तो उन्हाळा किमान पाचशे वर्षांतला सर्वांत तापलेला असावा, असं हवामानाच्या अभ्यासकांनी मांडलं. त्या उष्णतेत गेलेल्या माणसांचा पुढे झालेला एक अंदाज सत्तर हजारांवर जातो. द्राक्षांचं दुःख त्यापुढे क्षुल्लक. पण बागांत जे झालं त्याला निम्मी सवय कारणीभूत होती. घडांभोवतीची पानं काढायची, घड उघडे करायचे, ऊन लागू द्यायचं, हे थंड सालांनी शिकवलेलं शहाणपण अनेकांनी नेमकं त्याही वर्षी वापरलं. मणी होरपळले. २००३च्या ज्या थोड्या बारोलो मी चाखल्या त्यांत मनुका, चॉकलेट आणि तोंड सोलून काढणारी कोरड एवढंच आठवतं. एक सन्माननीय अपवाद होता. तो कुणी पाजला हे आठवतं, वाइन कुणाची होती ते विसरलो. स्मरणशक्तीचा हा अग्रक्रम मला मान्य आहे.

२०१७पर्यंत लोक शिकले होते. त्या वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात हिमकडाका पडला, खोलगट भागातले फुटवे जळाले. मग मेपासून तापलं आणि पाऊस जवळजवळ गायब झाला. ऑगस्टमधल्या उष्णतेच्या लाटेचं नावच इटलीत ‘लुचिफेरो’, म्हणजे सैतान, पडलं. पण या खेपेस पानं शाबूत ठेवली होती, घड सावलीत होते. दुसरं म्हणजे, सप्टेंबरात थोडा पाऊस झाला आणि रात्री गार पडू लागल्या. दिवस-रात्रीतल्या या फरकाने सुगंध आणि आंबटपणा दोन्ही जरा सावरले. काढणी तरीही फार लवकर झाली, ऑक्टोबर सुरू होता होता बहुतेकांची संपलेली होती.

आमच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो. पण इथे दिवस-रात्रीच्या या फरकाला अण्णा शिव्या घालतात. दिवसा ऊन आणि रात्री कडाका पडला, की हिरव्या थॉम्पसनचे मणी गुलाबी पडतात, पिंक बेरी होते आणि निर्यातीचा भाव पडतो. म्हणून घडांना पेपर. ज्या गारव्याने नेब्बिओलोचा जीव वाचतो त्याच गारव्याने अण्णांची झोप उडते.

*

आता पेल्यांकडे. निफाडच्या त्या रात्री थंडीने एक काम सोपं केलं. अशी वाइन १६ ते १८ अंशांवर प्यावी, आणि बाटल्या पडवीत ठेवताच तेवढ्या झाल्या. खोली तापलेली असेल तर मद्यार्क आधी नाकात शिरतो आणि मग उन्हाळी साल आहे त्यापेक्षा वाईट वाटतं. निम्म्या तक्रारी वाइनच्या नसून खोलीच्या असतात. थुंकायला आजोबांच्या वेळचं पितळी तस्त काढलं होतं. वाइनचे पाश्चात्त्य जाणकार बादल्या वापरतात. या एका बाबतीत आपली संस्कृती निर्विवाद पुढे आहे.

रंगावर अण्णा सुरुवातीलाच अडले. “पाणी घातलंय का यात?” नाशकातली शिराझ किंवा कॅबर्ने पाहिलेल्याला नेब्बिओलो फिकाच वाटणार. जांभळाचा रस नव्हे, कोकमाच्या सरबताच्या जवळपास, आणि कडेला विटकरी झाक. हा दोष नाही, या द्राक्षातली रंगद्रव्यंच कच्ची, लवकर उडतात. मात्र एका पेल्यात कड जास्त तपकिरी होती. सात-आठ वर्षांच्या बारोलोला एवढी घाई शोभत नाही. मी नोंद केली आणि गप्प बसलो, कारण डोळा नाकाला फार लवकर फितवतो. बोर्दोतल्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी सगळ्यांना सांगावासा वाटतो. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ जणांना त्यांनी पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली आणि बहुतेकांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं.

नाकाचं काम वहिनींकडे होतं. त्या पीत नाहीत, पण मसाल्याच्या डब्यातली तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची धणेपूड डोळे मिटून ओळखतात. बारोलोचा ठरलेला वास गुलाब आणि डांबराचा, असं पुस्तकात असतं. वहिनींना हे काहीच सांगितलं नव्हतं. पहिला पेला हुंगून त्या म्हणाल्या, “गुलकंद. जुना, तळाचा.” दुसरा हुंगला, पुन्हा हुंगला. “हाही गुलाबच. पण पाकळ्या अजून साखरेत पडलेल्या नाहीत. संत्र्याची साल आहे. आणि बाहेर डांबराचं काम चाललंय का?”

बाहेर काही चाललेलं नव्हतं.

उन्हाळी सालाचं याहून नेमकं निदान मी कुठे वाचलेलं नाही. गुलकंद म्हणजे उन्हात शिजलेला गुलाबच. तो वाईट असतो असं नाही, पण तो एकाच दिशेने बोलतो, आणि त्यात ताजेपणाला परत वाट नसते. फळ ताजं आहे, वाळलेलं आहे की शिजलेलं, हा उन्हाळी वाइनला विचारायचा पहिला प्रश्न. चेरी, मनुका, मुरंबा, या क्रमाने उन्हाची पायरी चढत जाते. मनुकेपर्यंत मी चालवून घेतो.

मग तोंड. इथे बहुतेक जण फसतात, मीही फसत आलो आहे. उन्हाळी वाइन पहिल्या घोटाला फार गोड बोलते. पिकलेलं फळ आणि जास्तीचा मद्यार्क मिळून तोंडात गुबगुबीतपणा येतो आणि तुरटपणा त्याखाली दडून बसतो. म्हणून घोट थुंकल्यावरच खरी परीक्षा सुरू करावी. मी तीनच गोष्टी बघतो. जिभेच्या कडांना पाणी सुटतं का? सुटलं, तर आंबटपणा जिवंत आहे. चिंच शिल्लक आहे. घशात ऊब येते की चटका बसतो? लेबलवरच्या आकड्यावर विसंबू नये, युरोपीय नियमांत अर्ध्या टक्क्याची तफावत चालते. घसा तफावत ठेवत नाही. तिसरी गोष्ट हिरड्यांवर. तुरटपणा कुठे बसतो? पिकलेला तुरटपणा सगळ्या तोंडात पसरतो आणि हळूहळू ओसरतो, मागे फळाची चव ठेवून. कच्चा तुरटपणा पुढच्या दातांवर, हिरडीच्या काठाला घट्ट बसतो आणि फळ निघून गेल्यावरही हलत नाही. फळ आधी संपलं की तुरटपणा, एवढं घड्याळ लावून बघितलं तरी पुष्कळ कळतं.

पहिल्या रात्री रोठा सुपारीचा पेला सुरुवातीला जास्त आवडला होता, हे कबूल केलं पाहिजे. दाट, गोडसर, व्हॅनिलाचा हलका वास, नव्या लाकडाचा. अण्णाही म्हणाले, “ही महागाची असणार.” पण आठ-दहा सेकंदांत फळ विझलं आणि मग नुसती कोरड. अण्णांनी न मागता चिवड्याची वाटी पुढे ओढली. चिकणी सुरुवातीला बारीक, जरा रागावलेली, आंबटपणाने दात आंबवणारी. पण तिची चव थुंकल्यावर वाढत गेली. मी मनात मोजलं, पस्तिसाच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

दुपारचं उरलेलं मटणही मध्ये आलं. तिखट रश्श्याबरोबर दोन्ही वाइन मेल्या. मिरची आणि मद्यार्क एकमेकांची आग वाढवतात. हाडाजवळचं साधं, मीठ-हळदीचं मटण आणि अर्धा घोट चिकणी यांचं मात्र जमलं. मांसातल्या प्रथिनांवर टॅनिनचा निम्मा राग निघून जातो. पिएमाँतेत बारोलोतच शिजवलेलं गोमांस किंवा कास्तेलमान्यो नावाचं खमंग, ठिसूळ चीज घेतात ते याच हिशोबाने.

*

दोन्ही बाटल्या अर्ध्या ठेवून बुचं परत लावली. उघडल्या रात्रीच निकाल देणं हा बारोलोवर अन्याय आहे. हवा लागली की टिकणारी वाइन उलगडते आणि तोल गेलेली ढासळते. वर्षांचं काम दोन-तीन दिवसांत, ढोबळमानाने का होईना, दिसून जातं.

दुसऱ्या संध्याकाळी रोठाचा व्हॅनिला पुढे आला होता, फळ मागे गेलं होतं. गुलकंदाच्या जागी काकवीसारखा वास. चिकणीत गुलाब होता, शिवाय जिऱ्याच्या आणि ओल्या मातीच्या मधला काहीतरी वास, ज्याला मला नाव देता आलं नाही. तुरटपणा होताच, फक्त आता तो वाइनच्या अंगात मुरल्यासारखा वाटत होता. तिसऱ्या दिवशी रोठा संपली होती. बाटलीत वाइन होती, पण सांगण्यासारखं काही नव्हतं. चिकणी थकली होती, तरी उभी होती.

मग कागद काढले.

रोठा निघाली ती एका नावाजलेल्या दक्षिणाभिमुख उताराची, एकाच बागेची, लेबलवर त्या बागेचं नाव ठळक. मद्यार्क १५ टक्के. उत्पादकाचं नाव मी इथे सांगत नाही. एका बाटलीवरून कुणाचं दुकान बसवू नये. चिकणी होती साधी, बागेचं नाव नसलेली बारोलो. दुकानात चौकशी केली तेव्हा कळलं होतं की तिच्यात तीन गावांच्या शिवारातली द्राक्षं आहेत, त्यातली बरीचशी पूर्वेकडच्या उंच उताराची. किमतीने ती दुसरीच्या निम्मी. अण्णांना हे फार आवडलं.

बारोलोत २०१०मध्ये १८१ अधिकृत नावांची यादी झाली, ११ गावांची आणि १७० शिवारांची. त्यानंतर लेबलवर शिवाराचं नाव मिरवायची चढाओढ आणखी वाढली. जुन्या लांगेत रीत वेगळी होती, चार ठिकाणची द्राक्षं एकत्र करून वाइन करायची. बार्तोलो मास्कारेल्लो हा म्हातारा वाइनकार २००५ साली वारला तोवर या रीतीला चिकटून राहिला. कान्नुबीसारखं सोन्याच्या भावाचं शिवार हातात असूनही त्याने ते इतर तीन तुकड्यांत मिसळलं. ‘बॅरिक’ म्हणजे छोट्या नव्या पिंपांच्या फॅशनवर आणि तेव्हाच्या राजकारणावर एकदमच राग काढणारं ‘बॅरिक नको, बर्लुस्कोनी नको’ हे त्याचं हाताने रंगवलेलं लेबल प्रसिद्ध आहे. लोक त्याला हट्टी समजत. पण उन्हाळी सालांत त्या हट्टाला अर्थ येतो. एक उतार भाजला तर दुसरा सावरतो. वाळूची जमीन आधी सुकते तेव्हा चिकणमातीने थोडं पाणी धरून ठेवलेलं असतं. एकाच प्रसिद्ध उतारावर सगळा डाव लावणं थंडीच्या दिवसांत शहाणपणाचं होतं, कारण तोच उतार आधी पिकायचा. आता तोच आधी करपतो. मिश्रण हे मला तरी पुढच्या तीस वर्षांचं शहाणपण वाटतं. लेबलवर मिरवता येत नाही, एवढाच त्याचा तोटा.

यावरून सिद्ध काही होत नाही, हे मी जाणतो. दोन बाटल्या म्हणजे पुरावा नव्हे. सालाचे तक्तेही पुरावा नव्हेत. २००२ साली लांगेत थंडी, पाऊस आणि गारपिटीने इतकं नुकसान झालं की अनेकांनी बारोलो बाटलीत भरलीच नाही. त्याच सालची जाकोमो कॉन्तेर्नो घराण्याची मॉन्फोर्तीनो आज नावाजलेल्या बाटल्यांत गणली जाते. साल हवामान सांगतं. त्या हवामानात कुणी पानं काढली, कुणी ठेवली, कुणी कधी तोडलं, कच्च्या बिया किती दिवस रसात भिजू दिल्या, हे मात्र पेल्यातच कळतं. भिजवण्याचा काळ तर दुधारी. जुन्या रीतीने साली आणि बिया महिना-दीड महिना रसात बुडवून ठेवतात. बी पिकलेली असेल तर त्यातून चिकणी सुपारी निघते, नसेल तर त्याच महिन्यात रोठा.

“आपल्याकडे होईल का हे द्राक्ष?” अण्णांनी विचारलं. इटलीशी आपला धागा जुळलेला आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रॅटेली या वाइन कंपनीने इटालियन भागीदारांबरोबर आणि पिएरो मासी या तस्कनीतल्या वाइनकाराच्या देखरेखीखाली सांजोव्हेझे लावलं, आणि त्याची बरी वाइन होते. पण सांजोव्हेझे मनमिळाऊ आहे. नेब्बिओलोला लांब, थंडावत जाणारा शरद लागतो. आपण वर्षातून दोनदा छाटणी करून वेलीला फसवतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना काढतो. तिथे घड पिकताना रात्री गार होत जातात, इथे गरम. मी एवढं सगळं सांगितलं, त्यावर अण्णा म्हणाले, “मग राहू दे. थॉम्पसन निदान बोलून तरी दाखवत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत पेपर लावणाऱ्या बायका आल्या. नेहमी काम पूर्वेकडून सुरू होतं, रस्ता तिकडून आहे म्हणून. अण्णा बांधावर उभे राहून थोडा वेळ ओळींकडे बघत होते. मग त्यांनी मुकादमिणीला हाक मारली आणि म्हणाले, “आज मावळतीच्या कडेच्या ओळी आधी घ्या.”